विश्लेषण : भंगारातली ऐरण पोलादी की बिडाची? जुनी ऐरण कशी ओळखावी, कशी पारखावी?

‘प्रश्न ऐरणीवर आला’ हा शब्दप्रयोग बातम्यांत रोज भेटतो. खरी ऐरण मात्र शहरातल्या बहुतेकांनी जवळून पाहिलेली नसते. गेल्या काही वर्षांत ती पुन्हा दिसू लागली आहे. समाजमाध्यमांवर सुरी, कोयता किंवा कुऱ्हाड घडवण्याच्या चित्रफिती पाहून अनेकांना हे काम शिकावेसे वाटते. फॅब्रिकेशनची लहान दुकाने चालवणाऱ्यांना आणि पिढीजात लोहारांना तर ती रोजच लागते. नवी पोलादी ऐरण महाग पडते, म्हणून नजर वळते जुन्या मालाकडे. तिथे ‘ब्रिटिशकालीन’, ‘अस्सल पोलाद’, ‘रेल्वेची’ अशी वर्णने सर्रास ऐकू येतात. दोन ऐरणी दिसायला सारख्या असतात. पण एक पुढची पन्नास वर्षे घाव सोसते, तर दुसरीला महिन्याभरात खड्डे पडतात. हा फरक पैसे देण्यापूर्वी कसा ओळखायचा?

जुन्या ऐरणी मुंबईत येतात कुठून?

मुंबई हे यंत्रशाळांचे शहर होते. कापड गिरण्या, बंदर, गोद्या आणि रेल्वेचे कारखाने यांच्या प्रत्येकाच्या आवारात लोहारशाळा असे. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा परळचा कारखाना १८७९चा, तर माटुंग्याचा १९१५चा. माहुल परिसराचे औद्योगिकीकरण त्यानंतरचे. कोळीवाडा, खाडी आणि मिठागरे असलेल्या या भागात १९५०च्या दशकात तेलशुद्धीकरण कारखाने उभे राहिले. बर्मा शेलचा कारखाना १९५५ मध्ये सुरू झाला. तोच आज भारत पेट्रोलियमचा आहे. शेजारी ट्रॉम्बेचे वीज केंद्र आणि खत कारखाना आला. त्यांच्याबरोबर टँकर दुरुस्ती, वेल्डिंग आणि सुट्या भागांची लहान दुकानेही या पट्ट्यात वाढली.

१९८२च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या आणि त्यांची यंत्रे भंगारात निघाली. माहुल-चेंबूरच्या रहिवाशाला जुने लोखंड पाहायचे असेल तर आजही तीन-चार ठिकाणे हाताशी आहेत. कुर्ल्याचा भंगार बाजार, मानखुर्दच्या मांडला भागातली गोदामे, जहाजतोडणीसाठी ओळखला जाणारा रे रोडचा दारूखाना आणि जुन्या वस्तूंसाठी चोर बाजार. नवी हत्यारे पाहून तुलना करायची असेल तर नागदेवी स्ट्रीट आहे. लोहार चाळीत मात्र नावापुरताच लोहार उरला आहे. तिथे आता विजेच्या सामानाची घाऊक बाजारपेठ आहे.

ऐरणीचे भाग कोणते?

कारखान्यात वापरली जाणारी ऐरण साधारण इंग्लिश घडणीची असते. वरचा सपाट पृष्ठभाग म्हणजे तोंड. घाव याच भागावर बसतात, म्हणून तो सर्वांत कठीण असावा लागतो. पुढे निमुळते होत गेलेले शिंग असते. त्यावर गोल वाकण दिली जाते. शिंग आणि तोंड यांच्यामध्ये एक बुटकी पायरी असते. ती मुद्दाम मऊ ठेवलेली असते, कारण छन्नीने लोखंड तोडताना छन्नी तिच्यावर टेकते. मागच्या बाजूला एक चौकोनी आणि एक गोल भोक असते. चौकोनी भोकात लहान हत्यारे रोवतात, तर गोल भोकावर सुंभ्याने छिद्र पाडतात. खाली कंबर आणि पसरलेले पाय असतात.

आपल्याकडच्या गावठी ऐरणीला यातले बरेच काही नसते. घिसाडी आणि गावातले लोहार खाली बसून काम करतात. त्यांची ऐरण म्हणजे पोलादाचा चौकोनी ठोकळा, लाकडी ओंडक्यात किंवा जमिनीत रोवलेला. त्याला शिंग नाही म्हणून ती सदोष ठरत नाही. विळा, खुरपे, कोयता, पहार घडवायला सपाट, कठीण तोंड पुरेसे असते. त्यामुळे काम बसून करायचे की उभ्याने आणि घडवायचे काय, हे आधी ठरवावे. केवळ देखण्या शिंगासाठी जास्त पैसे मोजण्यात अर्थ नाही.

घडीव, ओतीव पोलाद की बीड?

सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच. जुन्या ऐरणी मुख्यतः तीन प्रकारच्या असतात.

पहिला प्रकार घडीव. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लिश ऐरणींचे अंग घडीव लोखंडाचे असे आणि वर साधारण अर्धा इंच जाडीची पोलादी पाटी तापवून, ठोकून जोडलेली असे. अशा ऐरणीच्या कंबरेत आणि तळाला लहान चौकोनी भोके दिसतात. घडवताना जड अंग पकडण्यासाठी ती ठेवलेली असत. इंग्लंडमधील डडली येथील पीटर राइट ही या प्रकारातली प्रसिद्ध छाप. तिच्या अंगावर ‘सॉलिड रॉट’ अशी इंग्रजी अक्षरे वर्तुळात कोरलेली असतात.

दुसरा प्रकार ओतीव पोलादाचा. संपूर्ण ऐरण एकसंध पोलादात ओतलेली असते आणि तोंडाला पाणी दिलेले असते. स्वीडनच्या कोल्सवा आणि सोडरफोर्स या छापांच्या ऐरणी यात मोडतात.

तिसरा प्रकार बिडाचा. आकार तोच, रंग तोच. पण बीड ठिसूळ असते आणि तिचे तोंड घाव परतवत नाही. जगभरातले लोहार अशा मालाला थट्टेने ‘ऐरणीच्या आकाराची वस्तू’ म्हणतात. अंगावर साच्याची उभी रेघ, खरखरीत पृष्ठभाग आणि उठावाची जाड अक्षरे दिसली तर ऐरण ओतीव आहे एवढे नक्की. ती पोलादाची की बिडाची, हे मात्र नुसत्या नजरेने ठरत नाही. त्यासाठी चाचणी करावी लागते.

अंगावरचे आकडे काय सांगतात?

जुन्या इंग्लिश ऐरणीच्या कंबरेवर अनेकदा तीन आकडे सुटे सुटे कोरलेले असतात. विक्रेते त्याला कधी साल म्हणतात, कधी मॉडेल क्रमांक. खरे तर ते वजन असते. पहिला आकडा हंड्रेडवेटचा, म्हणजे ११२ पौंडांचा. दुसरा त्याच्या पाव भागाचा, म्हणजे २८ पौंडांचा. तिसरा सुट्या पौंडांचा.

उदाहरणार्थ, १-१-१० असे आकडे असतील तर ११२ अधिक २८ अधिक १०, म्हणजे १५० पौंड. एक पौंड साधारण ४५४ ग्रॅमचा, तेव्हा ही ऐरण सुमारे ६८ किलोची. २-०-० म्हणजे २२४ पौंड, साधारण १०१.६ किलो. या पद्धतीत दुसरा आकडा कधीच ३च्या वर जात नाही आणि तिसरा २७च्या वर जात नाही. तसा तो गेला असेल तर ती खूण दुसऱ्या कशाची तरी आहे.

अक्षरे झिजलेली असतील तर अंगावर खडूची पूड चोळून मोबाइलचा टॉर्च अगदी बाजूने, आडवा धरावा. सावलीमुळे कोरीव भाग उठून दिसतो. काट्यावरचे वजन आणि कोरलेले वजन यांत किरकोळ फरक असणे स्वाभाविक आहे. तफावत मोठी असेल तर कुठला तरी भाग तुटला, कापला किंवा नंतर जोडला गेला असण्याची शक्यता असते.

छर्‍याची चाचणी कशी करावी?

जुनी ऐरण घ्यायला जाताना खिशात फक्त दोन वस्तू असल्या तरी चालतात. बेअरिंगचा साधारण २५ मिलीमीटरचा पोलादी छर्रा आणि फूटपट्टी. फूटपट्टी तोंडावर उभी धरून छर्रा २५ सेंटीमीटरवरून सोडावा आणि तो किती वर उसळतो ते पाहावे. चांगल्या पोलादी ऐरणीवर तो १७ ते २२ सेंटीमीटरपर्यंत, म्हणजे सोडलेल्या उंचीच्या ७० ते ९० टक्के परत येतो. बिडावर किंवा मऊ पडलेल्या तोंडावर त्याची उसळी निम्म्यावर किंवा त्याहून खाली येते.

यामागचे कारण सोपे आहे. कठीण पृष्ठभाग घावाने दबत नाही, म्हणून ऊर्जा परत मिळते. मऊ पृष्ठभागात तीच ऊर्जा बारीक खड्डा पाडण्यात खर्च होते. प्रत्यक्ष कामातही हेच घडते. ऐरण घाव परतवत असेल तर हातोडा आपसूक उचलला जातो आणि तापलेले लोखंड लवकर पसरते. ती घाव गिळत असेल तर तेच काम करायला जास्त ठोके लागतात आणि त्याची किंमत कारागिराचा खांदा व कोपर मोजतात.

चाचणी एकाच जागी करू नये. तोंडाचे काल्पनिक चौकोन पाडून किमान दहा-बारा जागी छर्रा सोडावा. मधे उसळी उत्तम आणि एका कोपऱ्यात एकदम कमी असेल तर तिथे पाटी सुटली आहे किंवा वेल्डिंगने भराव घातला आहे असे समजावे. त्याआधी तोंडावरचा गंज आणि रंग पुसून घ्यावा. गंजाच्या थरामुळे उसळी कमी दिसते.

नुसत्या आवाजावर विश्वास ठेवावा का?

‘घंटेसारखी वाजते, म्हणजे अस्सल’ हा बाजारातला जुना ठोकताळा आहे. तो निम्मा खरा आहे. लहान हातोडीने हलका ठोका दिल्यावर सलग, स्वच्छ नाद येत असेल तर अंगात मोठी भेग नसण्याची शक्यता जास्त. फुटक्या मडक्यासारखा किंवा झणझणता आवाज आला तर सावध व्हावे. बीड बहुधा बद्द वाजते.

मात्र नाद धातूच्या जातीवर, आकारावर आणि ऐरण कशावर ठेवली आहे यावर अवलंबून असतो. तोंडाच्या कठीणपणावर तो फारसा ठरत नाही. मऊ पडलेली पोलादी ऐरणही खणखणीत वाजू शकते. उलट मातीत रुतलेली किंवा ओंडक्याला घट्ट आवळलेली उत्तम ऐरण बद्द वाजते. अमेरिकेतील फिशर छापाच्या ऐरणींचे अंग बिडाचे आणि तोंड पोलादी असते. त्या चांगल्या असूनही वाजत नाहीत. म्हणून आवाजाने शंका घ्यावी, निर्णय मात्र छर्‍याने करावा.

आणखी कोणत्या चाचण्या उपयोगी पडतात?

कानस : तोंडाच्या कडेला जुनी, पण धार असलेली कानस हलकेच फिरवावी. पाणी दिलेल्या कठीण तोंडावर ती घसरते. मऊ तोंडावर ती लगेच लागते आणि बारीक कीस निघतो.

तेल आणि खडू : भेग शोधण्याची ही पद्धत रेल्वेच्या कारखान्यांत पूर्वीपासून वापरली जात असे. संशयित जागी पातळ तेल लावून काही मिनिटे थांबावे, मग कापडाने कोरडे पुसून वर खडूची पूड पसरावी. भेगेत शिरलेले तेल हळूहळू बाहेर येते आणि पांढऱ्या पुडीवर काळसर रेघ उमटते. तोंडाची पाटी आणि अंग यांच्या सांध्यावर ही चाचणी जरूर करावी.

ठिणगी : विक्रेत्याची परवानगी असेल तर पायाच्या खालच्या बाजूला ग्राइंडर क्षणभर टेकवावा. बिडाच्या ठिणग्या आखूड आणि लालसर असतात. पोलादाच्या लांब, उजळ असतात आणि कार्बन जास्त असेल तर टोकाला फुटून फुलबाजीसारख्या दिसतात. तोंडावर मात्र ग्राइंडर लावू देऊ नये.

सरळ पट्टी : तोंडावर लांबीने पट्टी उभी ठेवून खालून येणारा प्रकाश पाहावा. मध्यभागी किती खोलगट झाले आहे ते लगेच कळते.

कोणते दोष चालतात, कोणते नाहीत?

वरवरचा गंज चालतो. माहुलसारख्या खाडीकाठच्या खाऱ्या हवेत तो येणारच. तारेच्या ब्रशने घासून तेल लावले की काम भागते. तोंडावर खोल खड्डे असतील तर मात्र त्यांचे ठसे प्रत्येक घडवलेल्या वस्तूवर उमटतात.

तोंड मध्ये एक-दोन मिलीमीटर खोलगट असणे हा मोठा दोष नाही. वाकलेली पट्टी सरळ करायला तो भाग उपयोगीच पडतो. कडा गोलसर झालेल्या असतील तरी बिघडत नाही. अनेक लोहार कडेचा काही भाग मुद्दाम गोल करतात, कारण तीक्ष्ण कडेवर लोखंडाला चीर पडते. कडेचे मोठे टवके उडालेले असतील तर किमान सात-आठ सेंटीमीटरची एक चांगली कड शिल्लक आहे का ते पाहावे. शिंगावरचे आणि पायरीवरचे छन्नीचे वण नेहमीचे आहेत. तेच वण तोंडावर भरपूर असतील तर ऐरण निष्काळजीपणे वापरली गेली आहे किंवा तोंड मऊ आहे.

कंबरेतली भेग, सुटलेली पाटी आणि तोंडावरचे मऊ पट्टे हे दोष असतील तर ती ऐरण सोडून द्यावी.

एक फसवा प्रकार म्हणजे नुकतेच ग्राइंडर मारून आरशासारखे चमकवलेले तोंड. छायाचित्रात ते आकर्षक दिसते. पण घडीव ऐरणीची पोलादी पाटी मुळातच अर्ध्या इंचाची. तिच्यातले दोन-तीन मिलीमीटर उडवले की आयुष्य तेवढे घटते. खड्डे वेल्डिंगने भरले असतील तर रंगात किंचित फरक दिसतो. नीट दुरुस्तीसाठी संपूर्ण ऐरण साधारण २०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून, योग्य रॉड वापरून, नंतर सावकाश थंड करावी लागते. थंड ऐरणीवर साध्या रॉडने भरलेला भाग मऊ राहतो किंवा शेजारी भेग पडते.

आगीतून गेलेली ऐरण कशी ओळखावी?

मांडल्यासारख्या भागांत भंगाराच्या गोदामांना वारंवार आगी लागल्या आहेत. अशा आगीत दीर्घकाळ तापून हळूहळू थंड झालेल्या ऐरणीचे ‘पाणी’ उतरते. ती बाहेरून शाबूत दिसते, छापही दिसते, वाजतेही. पण तोंड मऊ झालेले असते. साठ-सत्तर किलोच्या ठोकळ्याला पुन्हा पाणी देणे घरगुती भट्टीत शक्य नाही. त्यासाठी मोठी भट्टी आणि वेगाने पडणारे भरपूर पाणी लागते. सर्व अंगावर पापुद्र्यासारखी काळी खपली, संपूर्ण तोंडावर सारखीच कमी उसळी आणि सहज लागणारी कानस, ही तीन लक्षणे एकत्र आली तर ती ऐरण भंगाराच्याच भावाची.

किती वजनाची घ्यावी आणि किंमत कशी ठरवावी?

कारागिरांमधला एक ठोकताळा असा की ऐरण हातोड्याच्या वजनाच्या किमान पन्नास पट असावी. एक किलोच्या हातोड्याला पन्नास किलोची ऐरण. घणाने काम करायचे असेल तर त्याहून बरीच जड हवी.

किंमत ठरवताना आधी दोन टोके काढावीत. त्या दिवसाचा लोखंडी भंगाराचा किलोचा भाव गुणिले वजन, ही तळाची किंमत. तेवढ्याच वजनाच्या नव्या पोलादी ऐरणीचा भाव ही वरची मर्यादा. जुन्या ऐरणीला भंगारापेक्षा जास्त दिलेला प्रत्येक रुपया हा कठीण, शाबूत तोंडाचा असतो. छापेचा किंवा ‘ब्रिटिशकालीन’ या शब्दाचा नव्हे. छर्रा उसळत नसेल तर भाव भंगाराचाच. वजन समोर काट्यावर करून घ्यावे.

ऑनलाइन जाहिरात पाहून जायचे असेल तर आधी पाच छायाचित्रे मागावीत : तोंड वरून, दोन्ही कडा जवळून, कंबरेवरचे आकडे, तळ आणि पट्टी ठेवून घेतलेले बाजूचे दृश्य. छर्रा उसळतानाची चित्रफीत मिळाली तर उत्तमच. न पाहता आगाऊ रक्कम पाठवू नये.

रेल्वेच्या रुळाचा तुकडा घेतला तर?

ऐरण परवडत नसेल तेव्हा रुळाचा तुकडा हा सर्रास सुचवला जाणारा पर्याय आहे. रुळाचे पोलाद चांगले असते. भारतीय रेल्वेच्या प्रचलित रुळांचे वजन मीटरला ५२ आणि ६० किलो असते. म्हणजे ६० किलोच्या रुळाचा अर्धा मीटर तुकडा ३० किलोचा. तो आडवा ठेवण्यापेक्षा ओंडक्यात उभा रोवला तर घावाखाली वस्तुमान जास्त येते आणि काम चांगले होते.

मात्र इथे कायद्याचा धोका आहे. रेल्वे मालमत्ता (बेकायदा ताबा) अधिनियम, १९६६ नुसार चोरीच्या संशयास्पद रेल्वे मालमत्तेचा ताबा हा गुन्हा आहे. पहिल्याच गुन्ह्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. वस्तू कायदेशीर मार्गाने आली हे दाखवण्याची जबाबदारी ती बाळगणाऱ्यावर असते. ‘भंगारवाल्याकडून घेतला’ एवढे उत्तर पुरत नाही. रेल्वे आपले भंगार ई-लिलावाने विकते. तिथून आलेल्या मालाची कागदपत्रे असतात. त्यामुळे रूळ असो वा कारखान्याची छाप असलेली ऐरण, विक्रेत्याचे नाव, वजन आणि तारीख असलेले बिल घ्यावेच. चोरीचा माल जाणूनबुजून घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ नुसारही गुन्हा आहे.

दारूखान्यासारख्या बाजारात जहाजाच्या किंवा यंत्राच्या दांड्याचे भरीव पोलादी तुकडेही मिळतात. १५ बाय १५ सेंटीमीटरचा, ४० सेंटीमीटर लांबीचा ठोकळा सुमारे ७० किलोचा भरतो. उभा रोवला की गावठी पद्धतीची उत्तम ऐरण तयार होते.

पिढीजात कारागिरांना मदत मिळते का?

१७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतील १८ व्यवसायांत लोहारकामाचा समावेश आहे. हत्यारांच्या संचासाठी १५ हजार रुपयांपर्यंतचे ई-व्हाऊचर आणि दोन टप्प्यांत एकूण तीन लाखांपर्यंतचे ५ टक्के व्याजाचे कर्ज अशी तिची रचना आहे.

ऐरण आणल्यावर काय काळजी घ्यावी?

उभ्याने काम करणाऱ्याने हात सैल सोडून मूठ जिथे येते तेवढ्या उंचीवर तोंड ठेवावे. बाभळीचा ओंडका हा जुना, खात्रीचा आधार. कंबरेला साखळी आवळली तर नाद बराच कमी होतो. दाट वस्तीत हे शेजाऱ्यांसाठी आवश्यकच आहे. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही आवाजाची मर्यादा आहे. हातोडा थेट ऐरणीच्या कडेवर मारू नये. कठीण पोलादाचा टवका गोळीसारखा उडतो, म्हणून चश्मा हवाच. काम संपले की तोंडावर तेलाचा हात फिरवावा.

थोडक्यात काय?

छर्रा दहा-बारा जागी उसळला, कानस घसरली, खडूवर रेघ उमटली नाही, काट्यावरचे वजन अंगावरच्या आकड्यांशी जुळले आणि हातात बिल पडले, तर गंजलेली, काळवंडलेली ऐरणही घेण्यासारखी आहे. यातले पहिलेच जुळले नाही तर बाकीचे पाहण्यात वेळ घालवू नये. खरा हिरा ऐरणीवर घणाखाली पारखला जातो, असा दृष्टांत संत तुकारामांनी दिला आहे. ऐरण घेणाऱ्याने हाच न्याय उलटा लावावा : आधी तिच्यावर घाव घालून पाहावा, मग पैसे मोजावेत.